दोन बिड्या

आमच्या घरकुलात नळाला पाणी पाचव्या दिवशी येतं,
कधी सहाव्या.
वेळ त्याची त्यालाच माहीत.
कुणीतरी जागं राहायचं, हा नियम,
आणि ते कुणीतरी म्हणजे अम्मा.
मांडीवर सूप, कातरीत तेंदूचं पान,
कान तोटीला.

म्हणून मी नवी पेठेत जाऊन
मुनाफभाईच्या दुकानातून एक बोर्ड आणला,
काड्यापेटीएवढा. घासाघीस करून दोनशे दहा.
सोबत पाण्यात फिरणारी एक चक्री, एक बझर
आणि रंगीत तारांचा जुडगा.
तो बघून अम्मा म्हणाली,
कुणाच्या वेणीला गोंडे करतेस?

एप्रिल. पत्र्याखाली त्रेचाळीस.
कथलाचा थेंब जागेवर बसायलाच तयार नव्हता.
तंबाखूच्या वासात रोझिनचा धूर मिसळला,
भिंतीपलीकडे मागाची खटखट,
आणि माझी एकच चूक, चौदा वेळा.

प्रोग्राम कुणा अनोळखी माणसाचा.
त्यानं तो मोकळाच ठेवलेला,
कुणीही न्यावा, उसवावा, पुन्हा शिवावा.
फुकट? अम्माची कात्री थांबली. का म्हणून?
म्हटलं, विरजणासारखं.
चमचाभर दिलं तर त्याचं दही कमी होत नाही.
तिला हे लगेच पटलं.
मला पटायला दोन महिने लागले होते.

पहिल्याच रात्री, दोन चाळीसला, बझर ओरडला.
नरसम्मा घागर घेऊन धावली,
रेवणसिद्ध नुसत्या बनियनवर.
नीळ्ळु वच्चिनय! नीरू बंतु! पाणी आलं!
तीन भाषांत एकच बातमी,
आणि नळातून
फुस्स.

हवा.
पाण्याच्या आधी पाइपातून हवा येते.
चक्री तिच्यावरही फिरते.
चक्रीला काय कळतंय.

दुसऱ्या दिवसापासून मी गल्लीची इंजिनियरबाई.
नरसम्मा हा शब्द असा उच्चारायची
की त्यात एक फुस्स ऐकू यायचं.

अम्मा हसली नाही. दोरा तोडत म्हणाली,
हवा पळत येते गं. पाणी चालत येतं.
हवा दम खाते, थांबते, परत पळते.
पाण्याला घाई नसते.
नळ वाजला म्हणून मी कधी उठत नाही.
दोन बिड्या वळते.
तरी आवाज चालू असला, तर मग उठते.

मोबाइलचं घड्याळ लावून मी तिच्यासमोर बसले.
पान, तंबाखू, वळ, टोक दुमड, दोरा.
पान, तंबाखू, वळ, टोक दुमड, दोरा.
बावन्न सेकंद.
पुन्हा मोजलं. बावन्न.
तिनं वर पाहिलंसुद्धा नाही.
तेवढा थांबा मी प्रोग्राममध्ये घातला
आणि त्या आकड्याला नाव दिलं:
दोन_बिड्या.

सहाव्या दिवशी तीन सतराला बझर वाजला.
मी अंधारात ठेचकाळत गेले,
तर अम्मा आधीच नळाशी, बादली अर्धी भरलेली.
मग हे कशाला केलं मी?
ती म्हणाली, खरं बोलतं का बघत होते.

रेवणसिद्धनं वहीत सगळी जोडणी उतरवून नेली.
त्याच्या वडिलांचे कान मागांनी खाल्ले,
म्हणून त्यानं बझर काढून लाल दिवा लावला,
उशाशी.
त्याच्याकडून ते जुळे सोलापुरात गेलं,
तिथून पुढे कुठे, मला माहीत नाही.
कुणी टाकीचा तरंगता गोळा जोडला,
कुणी मोटार आपोआप बंद केली,
माझी निम्मी ओळ कुणी खोडली, बरंच केलं.

परवा एका परक्या माणसाचा निरोप आला, लांबच्या गावचा.
बाकी सगळं समजलं, म्हणाला,
हे दोन_बिड्या काय आहे?
अर्थ लागेना म्हणून काढून टाकलं,
तर यंत्र हवेवरच भुंकायला लागलं.
परत ठेवलंय. असू दे.

अम्माला वाचून दाखवलं.
हातातली बिडी पूर्ण करून ती म्हणाली,
त्याच्याकडे कितव्या दिवशी येतं पाणी?

ते विचारायचं राहिलंच.